मल्गाचे रान पुन्हा उभे राहताना : प्रकल्प नोंदी (२०१८–२०२५)

या नोंदी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याच्या नैर्ऋत्य भागात, कनामला गावाच्या पश्चिमेस, पारू नदीच्या खोऱ्यातील एका चराईच्या जमिनीवर ठेवल्या आहेत. जमीन सरकारी भाडेपट्ट्याची असून क्षेत्र २१,४०० हेक्टर आहे. माती लाल आणि कठीण आहे, पाऊस थोडा, आणि तोही कोणत्या वर्षी पडेल याचा नेम नाही. मी येथे व्यवस्थापक म्हणून काम करते. येथील मुख्य झाड मल्गा हे बाभळीच्या कुळातले आहे. दुष्काळात ते बुलडोझरने पाडून मेंढ्यांना आणि गुरांना चारा म्हणून घालण्याची रीत अनेक दशके चालली आणि त्यानंतर उगवलेली रोपे चराईने वर येऊ दिली नाहीत. ही चराई आवरायची, रान आपल्या बळावर वाढू द्यायचे आणि त्यात साठणाऱ्या कार्बनचे क्रेडिट, म्हणजे विकता येणारे प्रमाणपत्र, घ्यायचे, असे या प्रकल्पाचे स्वरूप आहे. येथे एकही झाड लावलेले नाही. हेच काम करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून चुका, खर्च आणि वाया गेलेला वेळ जसाच्या तसा लिहिला आहे.

२६ नोव्हेंबर २०१८

सरकारच्या कार्बन क्रेडिट योजनेत प्रकल्पाची नोंदणी झाली, मात्र ती सशर्त आहे. जमिनीत ज्यांचे हितसंबंध आहेत त्या सर्वांची लेखी संमती पहिल्या अहवालाच्या मुदतीपर्यंत मिळवायची आहे. भाडेपट्टा देणारे राज्य सरकार, तारण ठेवून घेणारी बँक आणि या भूमीचे मूळ हक्कदार असलेले आदिवासी समूह असे तीन पक्ष आहेत. आम्ही हे काम कागदोपत्री समजून शेवटी ठेवले होते. तसे करू नये. आदिवासी समूहाच्या प्रतिनिधींना नकाशा टपालाने पाठवण्याआधी जमिनीवर बोलवायला हवे होते. त्यांनी पहिल्याच भेटीत दोन जागा अशा दाखवल्या, जेथून आमचा नियोजित रस्ता जाणे योग्य नव्हते. संमत्या पूर्ण व्हायला एकूण ७ महिने लागले (ही ओळ नंतर भरली आहे).

क्रेडिटसाठी मोजायचे क्षेत्र उपग्रहाच्या चित्रांवरून आखून घेतले आहे. ते ९,६०० हेक्टर भरते. जंगल कशाला म्हणायचे याची व्याख्या ठरलेली आहे: झाडांची उंची किमान २ मीटर, पर्णछत्राचे आच्छादन किमान २० टक्के आणि तुकडा किमान ०.२ हेक्टरचा. प्रकल्प सुरू होण्यापूर्वीची निदान १० वर्षे जेथे असे जंगल नव्हते आणि जेथे ते उभे राहण्याची क्षमता आहे, तीच जमीन यात धरता येते. ९,६०० हा आकडा कार्यालयात बसून काढलेला आहे, हे येथे लिहून ठेवते. पुढे त्यावर बरेच लिहावे लागले (हीही ओळ नंतर भरली आहे).

१९ मार्च २०१९

दुष्काळाचे हे सलग तिसरे वर्ष आहे. मालकांनी शेवटची गुरे आणि मेंढ्या गेल्या आठवड्यात हलवल्या. आता क्षेत्र मोकळे झाले, अर्धे काम संपले, असे मला वाटत आहे.

मोजणीसाठी २४ नमुना पट्टे आखले. प्रत्येक पट्टा ५० मीटर लांब आणि ४ मीटर रुंद आहे, दोन्ही टोकांना लोखंडी खुंट्या ठोकल्या आहेत आणि प्रत्येक खुंटीपाशी उभे राहून चारही दिशांचे छायाचित्र घेतले आहे. २ मीटरपेक्षा कमी उंचीची, जिवंत मल्गा रोपे सर्व पट्ट्यांत मिळून ६१२ निघाली. बहुतेक गुडघ्याएवढी आहेत, पण खोड अंगठ्याहून जाड आहे; म्हणजे ती वयाने लहान नसून वर्षानुवर्षे शेंडा खुडला गेल्यामुळे खुंटलेली आहेत. दोन माणसांना या कामास ९ दिवस लागले.

७ ऑगस्ट २०१९

फेरमोजणीत ६१२ पैकी ३८८ जिवंत आहेत. पाऊस नाही हे कारण आहेच, परंतु मेलेल्या रोपांपैकी बहुतेकांची साल सोललेली आहे आणि जिवंत रोपांचे शेंडे ताजे तोडलेले आहेत. क्षेत्रात आमचे एकही जनावर नाही. म्हणून तीन पाणवठ्यांवर सहा रात्री कॅमेरे लावले. मोकाट शेळ्यांचे कळप रात्री येतात, पाणी पितात आणि पहाटे मल्गाकडे जातात. कांगारूंची संख्याही मी धरली होती त्याच्या कितीतरी पट आहे. आमची गुरे बाहेर काढल्यामुळे पाणी आणि उरलासुरला चारा यांवर या दोघांचाच हक्क राहिला.

चराई कमी करणे म्हणजे आपली जनावरे कमी करणे नव्हे, हे समजायला पाच महिने आणि २२४ रोपे गेली. एकूण तोंडे मोजली पाहिजेत, मग ती कोणाचीही असोत.

२२ ऑक्टोबर २०१९

शेळ्या पकडण्यासाठी दोन पाणवठ्यांभोवती जाळीचे कोंडवाडे बांधले. आत जाण्याचे फाटक असे असते की शेळी ढकलून आत येते, पण तिला परत फिरता येत नाही. दोन कोंडवाड्यांना १४,३०० डॉलर लागले. पहिल्या तीन आठवड्यांत फक्त ४१ शेळ्या आत आल्या.

कारण शोधताना दोन किलोमीटरवरची जुनी चारी दिसली. भूगर्भातील ग्रेट आर्टेशियन बेसिनचे पाणी येथे आपल्या दाबाने वर येते, आणि पूर्वी ते बोअरमधून उघड्या चारीने मैलोन्मैल सोडले जात असे. आमच्याकडची एक चारी अजून वाहती राहिली होती. शेजारीच मोकळे पाणी असताना कोंडवाड्यात कोणते जनावर जाईल? बोअरला झडप बसवून पाणी प्लॅस्टिकच्या नळाने बंद हौदांत घ्यावे लागले, त्याचा खर्च ५२,००० डॉलर झाला आणि सहा आठवडे गेले. हे आधी केले असते तर कोंडवाडे पहिल्या दिवसापासून उपयोगी पडले असते. आधी मोकळे पाणी बंद करावे आणि मग कोंडवाडा बांधावा, हाच क्रम ठेवावा.

११ डिसेंबर २०१९

ही नोंद लिहिणे जड जात आहे. चारी बंद झाल्यावर मातीचे एक तळे उरले होते, त्यालाही आम्ही गेल्या महिन्याच्या अखेरीस कुंपण घातले. कुंपणाच्या आत किती कांगारू राहिले आहेत हे कोणी पाहिले नाही, आणि बाहेरच्या कांगारूंना दुसरे पाणी कुठे आहे याचाही विचार केला नाही. तळे आटत गेले आणि ओल्या गाळात रुतून १७ कांगारू मेले. बाहेरच्या बाजूला कुंपणाला टेकून आणखी काही पडलेले सापडले. त्या दिवशी तापमान ४४ अंश होते.

पाणी बंद करणे हा या कामातला सर्वांत परिणामकारक उपाय आहे आणि म्हणूनच त्यात सर्वाधिक जबाबदारी आहे. आता आमचा नियम असा: उन्हाळ्यात कोणताही पाणवठा बंद करायचा नाही, बंद करण्यापूर्वी जनावरांची संख्या उतरवायची, कांगारूंसाठी त्याचा रीतसर परवाना घ्यायचा आणि काम परवानाधारक नेमबाजाकडूनच करवून घ्यायचे, बंद केल्यावर तीन आठवडे रोज सकाळी फेरी मारायची. हे लिहिण्यासाठी ते १७ जीव जायला नको होते.

९ मार्च २०२०

पाऊस आला. फेब्रुवारीच्या अखेरीपासून आतापर्यंत १९० मिलिमीटर झाला असून ओढे वाहत आहेत. मल्गाची पाने, खरे तर पानासारखे सपाट देठ, वरच्या दिशेने तिरपे उभे असतात. त्यांवर पडलेले पाणी फांदीवरून खोडाकडे आणि खोडावरून मुळाशी उतरते. मोठ्या झाडाच्या बुंध्याशी काल पाणी धारेने उतरताना पाहिले.

शेळ्या आणि कांगारू बाहेर ठेवण्यासाठी क्षेत्राभोवती जे मोठे कुंपण घालायचे आहे, त्याचा ठेकेदार राज्याबाहेरचा आहे. महिन्याअखेरीस क्वीन्सलँडच्या सीमा बंद झाल्या (ही ओळ नंतर भरली आहे) आणि कुंपण सव्वा वर्ष लांबले.

२ मे २०२०

पट्ट्यांत नवे अंकुर १,९०४ मोजले. तीन-चार ठिकाणी पाय ठेवायला जागा नाही. मालकांना आकडा कळवला तेव्हा त्यांनी लगेच त्याला हेक्टरांनी गुणले. मीही तेच केले होते.

१७ फेब्रुवारी २०२१

१,९०४ अंकुरांपैकी १४३ जिवंत आहेत. जुन्या रोपांपैकी मात्र ३८८ मधली ३७१ टिकून आहेत.

या एका नोंदीतून दोन गोष्टी शिकलो. पहिली अशी की, अंकुर म्हणजे रोप नव्हे. त्यांची मुळे खोलवर पोहोचण्याआधीच पहिला उन्हाळा बहुतेकांना मारतो आणि दुसरा उरलेल्यांना चाळतो. दोन उन्हाळे पार केल्याशिवाय कोणतेही अंकुर मोजणीत धरायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे. दुसरी गोष्ट अशी की, जुने, खुंटलेले, जाड बुंध्याचे रोप हीच या जमिनीची खरी ठेव आहे. त्याला मूळ आहे, त्याला फक्त खाल्ले न जाण्याची गरज आहे. जेथे अशी रोपे नाहीत तेथे पावसाची वाट पाहून जंगल होईल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

आणखी एक चूक याच मोजणीत उघडी पडली. गेल्या वर्षी हंगामी मदतनिसांनी सात पट्ट्यांत टर्की बुश हे झुडूपही मल्गा समजून मोजले होते. त्याची उंची सहसा मीटरभराच्या पुढे जात नाही, म्हणजे ते व्याख्येतल्या जंगलात कधीच बसणार नाही. शिवाय उपग्रहाच्या चित्रात ते तितकेच हिरवे दिसते. ते सात पट्टे पुन्हा मोजले आणि वरचे सर्व आकडे दुरुस्त करून लिहिले आहेत. आता प्रत्येक मदतनिसाला पहिल्या दिवशी मल्गा, टर्की बुश, हॉप बुश आणि पॉप्लर बॉक्सची रोपे हातात देऊन ओळखायला लावते, आणि ती ओळख पटल्याशिवाय मोजणीची वही देत नाही.

३० सप्टेंबर २०२१

कुंपण पूर्ण झाले. लांबी ४१ किलोमीटर, उंची १.८ मीटर, आणि जाळीचा खालचा पदर बाहेरच्या बाजूला जमिनीवर ३० सेंटीमीटर पसरलेला, म्हणजे जनावराला खालून उकरून आत येता येत नाही. किलोमीटरला ८,७०० डॉलर, एकूण ३,५६,७०० डॉलर. प्रकल्पातील हा सर्वांत मोठा खर्च आहे आणि तो पहिले क्रेडिट मिळण्याच्या कितीतरी आधी करावा लागतो. कर्ज काढणाऱ्यांनी हे अंतर नीट पाहून घ्यावे.

ओढा ओलांडताना ठेकेदाराने जाळी सरळ पात्रातून नेली. तेथे वरून लोंबणारी, पुराच्या पाण्याने उचलली जाणारी झुलती फाटके हवीत, हे मी काम चालू असताना सांगितले, पण लेखी करारात ते नव्हते. त्याने बारा ठिकाणांपैकी फक्त चार ठिकाणी तशी फाटके बसवली.

नोव्हेंबर २०२१

ऑस्ट्रेलियात १९०० पासूनच्या नोंदींतला हा सर्वांत ओला नोव्हेंबर ठरला. ओढ्यातल्या आठही सरळ जाळ्या वाहून गेल्या, झुलती चारही फाटके जागेवर आहेत. नऊ दिवस कुंपण उघडे राहिले आणि आत पुन्हा १६० शेळ्या आल्या.

२० एप्रिल ते २९ ऑगस्ट २०२२

ही नोंद मोठी आहे, कारण या चार महिन्यांत आम्ही आमचाच नकाशा तपासला आणि त्यातून २,७३० हेक्टर काढून टाकले.

त्याची सुरुवात बाहेरून झाली. या वर्षी मार्चमध्ये पर्यावरण कायद्याचे प्राध्यापक अँड्र्यू मॅकिंटॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, चराई आवरून रान वाढवण्यासाठी क्रेडिट देण्याच्या या पद्धतीवर जाहीर टीका केली. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा की, निम-शुष्क प्रदेशात झाडांचे आच्छादन चराईपेक्षा पावसावर जास्त हलते आणि म्हणून अनेक प्रकल्पांत झाडे प्रकल्पामुळे वाढलीच नाहीत, तरी क्रेडिट मिळत आहेत. त्यात एक गोष्ट अशी आहे जी प्रत्येक प्रकल्पाला लागू पडते: आपल्या जमिनीवरचा कार्बन कोणी झाडे मोजून काढत नाही. तो फुलकॅम नावाच्या संगणकीय प्रतिमानातून निघतो. आपण क्षेत्र सांगतो, तारीख सांगतो आणि प्रतिमान वाढीची रेषा देते. त्या रेषेला शेळ्या ठाऊक नाहीत. म्हणून क्षेत्र चुकीचे आखले तर त्यावरचा प्रत्येक टन चुकीचा ठरतो, आणि ती चूक पकडण्याची पहिली जबाबदारी आखणाऱ्याची असते.

टीका वाचून मला राग आला नाही, भीती वाटली. २४ पैकी पाच पट्ट्यांत २०१९ पासून काहीच बदल नव्हता, आणि मी त्याचे कारण दुष्काळावर ढकलत आले होते.

आम्ही काय केले ते सांगते. शेजारच्या जमिनीवर अजून मेंढ्या चरतात. शेजाऱ्यांची परवानगी घेऊन कुंपणाच्या दोन्ही बाजूंना, एकाच मातीवर, समोरासमोर ३० जोड्या आखल्या आणि दोन्हीकडची रोपे, त्यांची उंची आणि शेंडे खाल्लेल्या रोपांचे प्रमाण मोजले. १९ जोड्यांत फरक स्पष्ट होता: आमच्या बाजूला शेंडे शाबूत होते आणि रोपे वर निघाली होती, तर त्यांच्या बाजूला तीच रोपे खुरटलेली होती. उरलेल्या ११ जोड्यांत दोन्ही बाजू सारख्याच होत्या. तेथे खाल्लेले शेंडे कोठेच नव्हते, कारण खाण्यासारखी रोपेच नव्हती. मोठी झाडे विरळ उभी होती आणि ती तशीच विरळ राहणार होती.

त्या ११ जागांपैकी सात जागा रानातल्या नैसर्गिक मोकळ्या पट्ट्यांत (हे मोजणीचे नमुना पट्टे नव्हेत) निघाल्या. सपाट उतारावर मल्गा सलग वाढत नाही. ती उताराला आडव्या अशा दाट पट्ट्यांत वाढते आणि दोन पट्ट्यांमधली जमीन उघडी, कठीण असते. त्या उघड्या जमिनीवरून वाहणारे पाणी खालच्या दाट पट्ट्याला मिळते, म्हणून तो पट्टा दाट राहतो. मधली जमीन रिकामी असणे हा त्या रानाच्या रचनेचाच भाग आहे. तेथे कितीही वर्षे चराईबंदी केली तरी २० टक्के आच्छादन येणार नाही, आणि आमच्या नकाशात हे मधले पट्टे सर्रास मोजलेले होते. कार्यालयात बसून ३० मीटरच्या चौकटीच्या चित्रावर ते दिसलेच नाहीत.

बाकीच्या चार जागी गोष्ट उलट होती. १९९० च्या दशकातली हवाई छायाचित्रे मिळवून पाहिली तेव्हा ती झाडे तेव्हाही तितकीच होती. ती कोणी पाडली नव्हती आणि कोणी रोखलीही नव्हती. त्यांचे श्रेय आम्ही घेणे बरोबर नव्हते.

सगळे क्षेत्र पायी फिरून, माती आणि रोपे पाहून पुन्हा आखले. ९,६०० हेक्टरचे ६,८७० हेक्टर झाले. उरलेल्यात बहुतांश भाग मल्गा बुलडोझरने पाडलेला आहे. पडलेले ओंडके अजून दिसतात, त्यांच्या आडोशाने रोपे उगवलेली आहेत आणि चराई थांबली म्हणून ती वाढत आहेत, असे तेथे उभे राहून कोणालाही दाखवता येते. या कामाला ६४ मनुष्य-दिवस आणि सुमारे ३८,००० डॉलर लागले.

मालकांशी याबाबत तीन वेळा बोलणे झाले आणि पहिल्या दोन वेळा ते मनासारखे झाले नाही. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते: कर्ज ९,६०० हेक्टरच्या हिशेबावर काढले होते. तिसऱ्या वेळी आम्ही दोघे कुंपणावर उभे राहिलो आणि मी त्यांना त्या ११ जोड्यांपैकी एकीपाशी नेऊन विचारले, की लेखापरीक्षकाने येथे बोट ठेवले तर काय दाखवायचे? ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "माझे वडील येथे मेंढ्या चारत तेव्हाही हे असेच होते. काढून टाका."

१८ डिसेंबर २०२२

मल्गाला शेंगा आल्या आहेत. उन्हाळी पावसाने फुलोरा येतो, पण त्यामागून हिवाळ्यात पाऊस झाला तरच बी धरते. दोन्ही ओळीने होणे येथे क्वचितच घडते. यंदा ते घडले. बुंध्याशी बसून हातात बी घेतले. चार वर्षांत प्रथमच.

१६ जानेवारी २०२३

सरकारच्या कार्बन क्रेडिट योजनेची तपासणी करणाऱ्या, प्राध्यापक इयन चब यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. आमच्यापुरता त्याचा अर्थ असा की योजना चालू राहील, पण तपासण्या वाढतील. गेल्या वर्षी नकाशा दुरुस्त केला नसता तर आज झोप लागली नसती.

२३ मे २०२३

ड्रोनच्या चित्रांवरून पर्णछत्र मोजण्याचा पहिला प्रयत्न फसला. २०१९ च्या चित्रांशी यंदाची चित्रे जुळवल्यावर संगणकाने दाखवले की निम्मी जुनी रोपे मेली आणि तितकीच नवी उगवली. जमिनीवर तसे काहीच घडले नव्हते.

दोन आठवडे यंत्रात दोष शोधत राहिलो. दोष निर्देशांकांत होता. नकाशावरची जागा ज्यावरून मोजतात त्या राष्ट्रीय आधारांपैकी जुनी चित्रे जीडीए ९४ या आधारावर होती आणि नवी जीडीए २०२० वर. ऑस्ट्रेलिया खंड दरवर्षी सुमारे ७ सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो, म्हणून या दोन आधारांत सुमारे १.८ मीटरचा फरक आहे. रस्ता किंवा तळे पाहायचे असेल तर एवढ्याने बिघडत नाही, परंतु मीटरभर रुंदीचे रोप १.८ मीटर सरकले की ते दुसरेच रोप ठरते. जुनी सर्व माहिती नव्या आधारावर आणली आणि तसे प्रत्येक फाइलच्या नावात लिहिले.

१२ ऑक्टोबर २०२३

तीन ओली वर्षे गेली आणि आता गवत कमरेएवढे वाळले आहे. गेल्या महिन्यात हवामान खात्याने एल निनो जाहीर केला. मल्गा आगीत मरते आणि बहुधा पुन्हा फुटत नाही. येथे आग म्हणजे कार्बन परत हवेत जाणे आणि रान २५ वर्षे राखण्याचे वचन मोडणे, म्हणून घाईने २८ किलोमीटर जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे उघडे पट्टे, काढल्या.

घाईत एक चूक झाली. ग्रेडरने दोन जाळरेषा सरळ उतारावरून खाली काढल्या आणि पुढच्याच मोठ्या पावसात त्यांतून पाणी धावून एका रेषेत गुडघाभर खोल ओघळ पडली. ती भरायला मल्गाच्या वाळक्या फांद्या आडव्या टाकून दर २० मीटरला पाणी बाजूला वळवणारे मातीचे उंचवटे घातले. जाळरेषा समतल रेषेला धरूनच काढावी. उतार ओलांडणे टळत नसेल तर उंचवटे त्याच दिवशी घालावेत, नंतर नव्हे.

शेळ्यांचे भाव या वर्षी इतके कोसळले की पकडलेल्या शेळ्या पाठवल्यावर ट्रकचे भाडेही सुटत नाही. २०२१ मध्ये हेच उत्पन्न कोंडवाड्यांचा खर्च भागवत होते. भाव पडले म्हणून पकडणे थांबवले तर दोन वर्षांत पुन्हा २०१९ येईल, म्हणून तोट्यात चालू ठेवले आहे. अंदाजपत्रकात शेळ्यांचे उत्पन्न कधीही धरू नये.

या पद्धतीखाली नवे प्रकल्प नोंदवणे ३० सप्टेंबरपासून बंद झाले आहे. आधीचे प्रकल्प चालू राहतात.

६ जून २०२४

लेखापरीक्षण आणि पाच वर्षांनी होणारी पुनरुत्पत्तीची तपासणी एकत्र झाली. झाडांबाबत एकही आक्षेप आला नाही. आक्षेप आला तो चराईच्या नोंदींवर. कोणत्या कुरणात कोणत्या तारखेला किती जनावरे होती, याची २०१९ आणि २०२० ची वही मालकांच्या गाडीत होती आणि ती गाडी विकताना तिच्याबरोबर गेली. जनावरांच्या वाहतुकीचे परवाने, बाजारातल्या विक्रीच्या पावत्या आणि बँकेचे उतारे जुळवून त्या दोन वर्षांचा हिशेब पुन्हा उभा करायला सहा आठवडे लागले. आता दर महिन्याच्या शेवटी वहीच्या पानांची छायाचित्रे दोन ठिकाणी साठवते. ज्या बदलामुळे रान वाढले असा आपला दावा आहे, तो बदल कागदावर सिद्ध करता आला नाही तर झाडे उभी असूनही दावा उभा राहत नाही.

क्रेडिटच्या हिशेबाबद्दल एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्यावी. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. रान राखण्यासाठी आम्ही १०० ऐवजी २५ वर्षांचा कालावधी निवडला, त्यासाठी २० टक्के कापले जातात आणि उलटफेराच्या, म्हणजे साठलेला कार्बन परत हवेत जाण्याच्या, जोखमीसाठी आणखी ५ टक्के. म्हणजे प्रतिमानाने १,००० टन दाखवले तर हाती ७५० क्रेडिट येतात. आमच्या पहिल्या आर्थिक आराखड्यात ही कपात धरलेलीच नव्हती.

४ एप्रिल २०२५

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पश्चिम क्वीन्सलँडमध्ये आलेल्या पुराने संपूर्ण परिसर पाण्याखाली नेला. शेजारच्या अनेक कुटुंबांची हजारो जनावरे गेली. आमच्याकडे माणसे सुखरूप आहेत आणि आत जनावरे थोडी होती म्हणून ती उंचावर नेता आली. कुंपण ९ किलोमीटर आडवे झाले आहे. जाळीत काडीकचरा अडकून तिचा बांध झाला आणि पाण्याने खांबांसह ती उलथवली. झुलती फाटके असलेल्या जागा याही वेळी कमी नुकसानीत निभावल्या. पहिले दोन महिने आम्ही आमच्या कुंपणाला हात लावला नाही आणि शेजाऱ्यांकडे काम केले (ही ओळ नंतर भरली आहे). ते ठरवायला चर्चा लागली नाही.

१९ ऑगस्ट २०२५

९ पैकी ७ किलोमीटर कुंपण उभे झाले. दुरुस्तीला किलोमीटरमागे ५,२०० डॉलर पडले. मधल्या काळात आत आलेल्या शेळ्यांपैकी २९० पकडल्या आहेत, अजून काही आहेत.

पट्ट्यांची मोजणी पूर्ण झाली. दोन उन्हाळे पार केलेली जिवंत मल्गा ५६१ आहेत. २०१९ च्या ६१२ पेक्षा हा आकडा कमी आहे आणि तो तसाच अहवालात जाईल. पण तेव्हा २ मीटरच्या वर एकही नव्हते, आज ११८ आहेत. नकाशातून काढून टाकलेल्या जमिनीवरचे पाच पट्टे आम्ही तुलनेसाठी अजून मोजतो. तेथे २०१९ मध्ये ४१ रोपे होती, आज ४४ आहेत, आणि २ मीटरच्या वर एकही नाही.

१७ क्रमांकाच्या पट्ट्यात, पूर्वेकडच्या खुंटीपासून सहा मीटरवर, अंगठ्याएवढ्या जाड बुंध्याचे एक रोप पहिल्या मोजणीत ५२ सेंटीमीटर होते आणि त्याचे तिन्ही शेंडे खाल्लेले होते. आज काठी उभी केली तेव्हा ते २ मीटर ३१ सेंटीमीटर भरले. ओढ्यावरच्या उरलेल्या दोन किलोमीटरचे कुंपण सप्टेंबरअखेर व्हायला हवे; तोपर्यंत त्या बाजूची फेरी रोज सकाळी चालू राहील.